दुसऱ्याचा ‘मी’

३ मार्च

निवृत्तीनंतर पहिल्यांदाच कुणीतरी मला न्यायला गाडी पाठवली. हिला गॅलरीतून दिसावी म्हणून मी गाडीत बसायला मुद्दाम वेळ लावला, पण ही आधीच तरणतलावावर निघून गेली होती. पाण्याला घाबरणाऱ्या मोठ्या माणसांना पोहायला शिकवते ही, आणि त्या घाबरटांपुढे माझी गाडी म्हणजे काहीच नाही.

काम दुभाष्याचं आहे. परदेशातली एक बडी कंपनी आपल्याकडच्या सरकारी इस्पितळांना डायलिसिसची यंत्रं विकते. ती विकताना इथल्या लोकांचे हात ओले केले, असा संशय आहे. गंमत अशी, की खटला उभा राहणार तिकडे, कंपनीच्या मायदेशी. त्यांच्या कंपनीने जगाच्या पाठीवर कुठेही सरकारी माणसाला लाच दिली, तरी तो तिकडे गुन्हाच. पुष्कळ देशांनी मिळून तसा करार केलाय म्हणे, आपणही त्यात आहोत. म्हणून त्यांची माणसं आपल्या माणसांच्या शेजारी बसून जबान्या घेणार, आणि मधे मी.

तिकडून आलेल्या वकीलबाई चाळिशीच्या असतील. केस बारीक कापलेले, आवाज मऊ आणि डोळे पापणीसुद्धा न हलवता बघणारे. आमच्या बाजूच्या अधिकाऱ्याला सगळे नुसतं ‘साहेब’ म्हणतात. त्यांना पित्ताचा त्रास आहे, हे त्यांनी पहिल्या पाच मिनिटांतच सांगितलं.

वकीलबाईंनी दोन गोष्टी बजावल्या. या खोलीतलं काही खोलीबाहेर जाता कामा नये. आणि साक्षीदार ‘मी’ म्हणाला, तर दुभाष्यानेही ‘मी’ म्हणायचं. ‘हे म्हणतात की’ वगैरे चालणार नाही. मी म्हटलं, बाई, ही भाषा शिकवण्यात माझा उभा जन्म गेला. त्या हसल्या.

संध्याकाळी हिने विचारलं, “कसलं काम आहे?”

“सांगता येणार नाही.”

“मग नका सांगू. अंडी उकडू की परतू?”

गुपिताचा एवढाही मान नाही या घरात.

६ मार्च

पहिला साक्षीदार इस्पितळाचा इंजिनिअर. शांत, खांदे पाडून बसणारा माणूस. येणारी यंत्रं तपासून सही करायची, ही त्याची जबाबदारी. या कंपनीच्या यंत्रांतलं पाणी गाळणारं भांडं नीट चालत नव्हतं. पेशंट यंत्रावर असतानाच थंडी वाजून कुडकुडायला लागायचे. तरी याची सही झाली.

वकीलबाईंनी विचारलं, सही कशी झाली? तो बराच वेळ खिडकीकडे पाहत राहिला. मग म्हणाला, “एजंट फोनवर म्हणाला, आम्हाला थोडं उत्तेजन द्यायचंय.”

मी अडलो! उत्तेजन. शाळेत उत्तेजनार्थ बक्षीस देतात तेही उत्तेजन, आणि कुणाला भरीस घालतात तेही उत्तेजन. त्यांच्या भाषेत याला दोन वेगळे शब्द आहेत. एक अगदी निर्मळ, दुसरा थेट तुरुंगाच्या वाटेवरचा. मी दोन्ही सांगितले आणि का सांगितले तेही सांगितलं. वकीलबाईंनी लिहून घेतलं. त्यावर इंजिनिअरचा वकील उठला, आणि माझ्या अशिलाला विचार करायला वेळ हवा, असं म्हणून पुढची तारीख मागून घेतली.

एका शब्दाने कामकाज थांबलं. जेवणाच्या सुट्टीत मी दोनदा आरशात पाहिलं.

९ मार्च

आज आधी हे लिहून टाकतो. माझा कोश छापला जाणार!

दुपारी फोन आला. गोड, सुसंस्कृत आवाज. प्रकाशक आहेत. माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याकडून त्यांना कळलं, की मी आपल्या भाषेतून त्यांच्या भाषेत जाणारा कोश करतो आहे आणि कपाटावर बुटांच्या खोक्यांत त्याची कार्डं रचून ठेवली आहेत. कुठला विद्यार्थी ते त्यांना आठवेना. आठवला असता तर आजच त्याला मिठाईचं पुडकं नेऊन दिलं असतं.

तीन प्रकाशकांनी आजवर मला दारातूनच परत पाठवलंय. एक तर म्हणाला होता, “सर, आता कोश कोण घेतो?” आणि हे गृहस्थ म्हणतात, कापडी बांधणी करू.

हिला सांगितलं. ही टॉवेलने केस पुसत होती. म्हणाली, “बरं झालं हो.” मग थोड्या वेळाने, “इतकी वर्षं कुणी विचारलं नाही, ते आताच कसं?”

मला लागलं ते. माणसाच्या आनंदात लगेच पाणी कसं ओतता येतं?

१२ मार्च

प्रकाशकांच्या ऑफिसात गेलो होतो. जागा नवी कोरी, भिंतींना अजून रंगाचा वास. फडताळं रिकामीच आहेत, पुस्तकं गोदामातून यायची आहेत म्हणाले. माझी ‘क’ची कार्डं त्यांनी कशी हाताळली, काय सांगू! जणू काचेची भांडी. नमुन्याचं एक पान छापूनच ठेवलं होतं. ठसठशीत टाइप, समास सोडलेला, वर डाव्या कोपऱ्यात ‘कड’ आणि उजव्या कोपऱ्यात ‘कडू’. ते पान मी घरी आणलंय. मघाशी पुन्हा काढून पाहिलं.

त्यांनी माझ्या सध्याच्या कामाबद्दल चकार शब्द काढला नाही. किती सभ्य माणूस!

१६ मार्च

प्रकाशक स्वतः आमच्या जवळच्या कॉफीच्या दुकानात आले होते. कोशाचं आकारमान, खंड किती, प्रस्तावना कुणाची, सगळं बोलणं झालं. मग गाडी शब्दांवर आली. ‘कमिशन’, ‘मेहनताना’, ‘बक्षिसी’ यांत मी फरक कसा दाखवतो, ते विचारलं. जन्मात पहिल्यांदा कुणी माझ्याशी शब्दांबद्दल इतक्या आस्थेने बोललं असेल. वर म्हणाले, “सर, अलीकडे तुम्हाला चकवणारा एखादा शब्द?”

माझ्या तोंडून ‘उत्तेजन’ निघून गेला. केस नाही, माणूस नाही, नुसता शब्द. त्याची दोन टोकं कशी आहेत तेवढंच समजावलं. ते थक्क होऊन ऐकत होते. मधेच चमचा खाली ठेवला.

गुप्ततेचा भंग झाला का? छे. शब्द काय कुणाच्या मालकीचा असतो? उद्या मी ‘खुर्ची’ म्हणालो तर तेही गुपित?

२० मार्च

एजंटची जबानी. वल्लीच आहे तो! गोल चेहरा, आल्या आल्या सगळ्यांची तब्येत विचारली, साहेबांना पित्तावर औषध सुचवलं. काहीही विचारा, “आता तुम्हीच समजून घ्या,” म्हणतो. हे भाषांतरित करताना घाम फुटला.

आज एक विलक्षण योगायोग घडला. वकीलबाईंनी फोनवरच्या बोलण्याचा विषय नुसता काढला, तोच एजंटच्या वकिलाने फाइलमधून टाइप केलेलं टिपण पुढे सरकवलं: ‘उत्तेजन’ म्हणजे विद्यार्थ्याला वा कलावंताला दिलेली शाबासकी, दुसरा अर्थ या भाषेत रूढ नाही. खाली तीन जुन्या कोशांचे आधार. मला उलट बरं वाटलं, वकील मंडळीही कोश उघडतात म्हणायचं!

वकीलबाई मात्र त्या टिपणाकडे बघत राहिल्या. मग साहेबांकडे पाहिलं. साहेबांनी गोळी घेतली. इंजिनिअरने कुठला शब्द वापरला हे त्या वकिलाला कुणी सांगितलं, याचीच दोघं नंतर जिन्यात उभी राहून चर्चा करत होती. मी म्हटलं, अहो, एजंट स्वतःच तो शब्द बोलला होता, त्याला आठवणार नाही का? त्यावर वकीलबाई म्हणाल्या, “शक्य आहे.”

२१ मार्च

करारावर सही शुक्रवारी. हिला म्हटलं, माझा निळा कोट इस्त्रीला दे. म्हणाली, “देते. पण त्यांचं आधीचं एखादं पुस्तक बघितलंत का?” मी म्हटलं, गोदामात आहेत. हिने कोट उचलला आणि निघाली. हिचं न बोलणं फार मोठ्या आवाजात असतं.

२४ मार्च

सकाळी इंजिनिअर पुन्हा आला. वकील बरोबर होता, पण त्याला याने हातानेच थांबवलं आणि म्हणाला, मला सांगून टाकायचंय.

जसं झालं तसं लिहितो.

त्याची मुलगी व्हायोलिन वाजवते. लहानपणापासून घरात तेच. शेजाऱ्यांच्या तक्रारी, तारा तुटणं, मोठ्या संगीतशाळेच्या प्रवेशपरीक्षेत दोनदा नापास होणं. मग एक दिवस परदेशातल्या एका संगीतशाळेचं पत्र आलं, शिष्यवृत्तीचं. एका संस्थेने तिचं वाजवणं कुठेतरी ऐकलं होतं म्हणे. ही संस्था कंपनीनेच काढलेली, हे याला नंतर समजलं. आधी फक्त एजंटचा फोन आला होता: गुणी मुलीला थोडं उत्तेजन द्यायचंय.

वकीलबाईंनी विचारलं, “तेव्हा तुम्हाला शंका आली नाही?”

तो म्हणाला, आणि मी त्याच्या मागोमाग त्यांच्या भाषेत म्हणत गेलो: “मला पैसे दिले असते तर मी त्यांना हाकलून दिलं असतं. मी पैसे खाणारा माणूस नाही. त्यांनी मला काही दिलंच नाही. मला सगळ्यात जास्त काय हवंय, ते त्यांनी आधी शोधून काढलं. मला वाटलं, चला, शेवटी कुणीतरी ऐकलं. इतकी वर्षं कुणी ऐकलं नव्हतं. मला इतका आनंद झाला होता, की आताच कसं, हे मी विचारलं नाही. माझ्या बायकोने विचारलं. मी तिच्यावर चिडलो.”

इथे मी थांबलो.

साक्षीदार केव्हाच गप्प झाला होता आणि माझ्याकडे त्याची दोन वाक्यं उरली होती. ‘माझ्या बायकोने विचारलं’ एवढं मी कसंबसं म्हटलं. पुढचा शब्द तोंडातून निघेना. तो ‘मी’ माझा होता. मी दुसऱ्याचा ‘मी’ बोलत होतो आणि तो माझाच होता.

वकीलबाईंनी पाणी पुढे केलं. मी वाक्य पूर्ण केलं: “मी तिच्यावर चिडलो.”

शेवटी इंजिनिअर म्हणाला, “आता एकच गोष्ट कळायला मार्ग नाही. ती खरंच चांगलं वाजवते का? आता हे मला कोण सांगणार?” तेही मी सांगितलं. प्रथम पुरुषात, एकवचनात.

त्याच दिवशी, संध्याकाळ

सरळ तरणतलावावर गेलो. ही एका जाड्या गृहस्थाला तरंगायला शिकवत होती. “सोडा हो काठ, मी आहे,” असं ओरडत होती. तो काठ सोडत नव्हता. तास संपेपर्यंत मी ओल्या फरशीवर बुटांसकट उभा होतो.

ही बाहेर आल्यावर म्हणालो, “ते प्रकाशक प्रकाशक नाहीत बहुतेक.”

“बहुतेक?” ही म्हणाली.

“नाहीतच.”

हिने टॉवेल खांद्यावर टाकला. “मग आता?”

“मी त्यांना एक शब्द सांगितला. त्या खोलीतला.”

मला वाटलं होतं ही म्हणेल, मी सांगत नव्हते? आयुष्यभर ऐकवण्यासारखी संधी होती. ही माझ्या पायांकडे बघत म्हणाली, “बूट भिजले तुमचे. उद्या सकाळी जाऊन सांगून टाका. लवकर जा, साहेब जेवायला बसायच्या आत.”

“कोश गेला गं.”

“कोश कुठे गेला? कपाटावर तर आहे. मी रोज धूळ झटकते त्याची.”

घरी येताना पुलावर आम्ही जरा थांबलो. वारा छान होता. एवढं सगळं होऊन मला भूक लागली होती, याचं आश्चर्य वाटलं.

२५ मार्च

सांगितलं. साहेब ताडकन उठले. “सर, तुम्ही शिकलेसवरलेले!” आणि मग पित्तामुळे परत बसले. वकीलबाईंनी आरडाओरडा केला नाही. प्रकाशकांचा नंबर, ऑफिसचा पत्ता आणि नमुन्याचं पान मागितलं. पान द्यायला माझा हात जरा उशिरा पुढे गेला, हे त्यांनी पाहिलं असावं. म्हणाल्या, “सुंदर छापलंय.” मग म्हणाल्या, “तुम्हाला आता दुभाषी म्हणून ठेवता येणार नाही. साक्षीदार म्हणून बोलवावं लागेल.” मी म्हटलं, बरोबर आहे. दारापाशी त्यांनी मला थांबवलं. “पुष्कळजण सांगत नाहीत,” एवढंच म्हणाल्या.

शुक्रवारच्या सहीसाठी प्रकाशकांचा संध्याकाळी फोन आला. आवाज तसाच गोड. मी म्हटलं, कोश अजून तयार नाही. ते म्हणाले, जसा आहे तसा छापू. मी म्हटलं, पुष्कळ चुका आहेत त्यात. आणि ठेवून दिला.

निळा कोट इस्त्री होऊन आलाय. दाराच्या मागे लटकतोय.

२ एप्रिल

साहेबांचा फोन. प्रकाशक निघाले एजंटचे मेहुणे, आणि ऑफिस एका महिन्याच्या भाड्यावर घेतलेलं. साक्ष फिरवण्याचा प्रयत्न म्हणून आता हेही प्रकरणाला जोडतायत. “सर, तुमच्यामुळे आमचं काम सोपं झालं,” साहेब म्हणाले. मला यात शाबासकी घ्यावी की नाही ते कळेना, तेव्हा पित्ताची चौकशी केली.

११ एप्रिल

आज माझी जबानी. माझी! खोली तीच, फक्त खुर्ची टेबलाच्या पलीकडची. तिथून खिडकी दिसते, आणि खिडकीतून एक पत्र्याचं छप्पर आणि त्यावर निवांत बसलेलं मांजर. इंजिनिअर त्या दिवशी एवढा वेळ काय पाहत होता ते आज कळलं.

माझ्या जागी नवी दुभाषी. पंचविशीतली मुलगी, नाकावर चष्मा, तिकडे शिकून आलेली. मला म्हणाली, “सर, तुमच्यासमोर बोलायची भीती वाटते.” मी म्हटलं, “काठ सोडा, मी आहे.” तिला काही कळलं नाही, पण हसली.

पहिली दहा मिनिटं मी उत्तरं देत होतो की तिचा पेपर तपासत होतो, देव जाणे. तिने दोनदा काळ चुकवला. मी जीभ चावली. मग वकीलबाईंनी विचारलं, “कोश छापला जाणार हे ऐकून तुम्हाला कसं वाटलं?” मी म्हटलं, “आनंद झाला. फार. इतका की घरात कुणी शंका काढली तर राग आला.” ती मुलगी त्यांच्या भाषेत ‘मी’ म्हणाली, आणि एका परक्या कोवळ्या आवाजात माझी फजिती मला ऐकू आली. इतकी काही भयंकर वाटली नाही. कुणाचीही होऊ शकेल अशी वाटली.

“आणि कळल्यावर?”

“ओशाळलो,” मी म्हटलं.

ती अडली. मी पुढे झुकलो. या शब्दाला मी कार्डावर तीन प्रतिशब्द दिलेत, तिन्ही मला पाठ. एक जरा पुस्तकी, एकात अपराध जास्त, एक नुसताच लाजण्याचा. सांगू का? साक्षीदाराने बोलायचं नसतं. मी हात मांडीखाली घेतले. मुलीने चष्मा वर सरकवला, माझ्याकडे पाहिलं, शब्दाकडे नाही, आणि साधे चार शब्द म्हणाली. आपल्या भाषेत सांगायचं तर, ‘माझं मलाच तोंड दाखववेना.’

वकीलबाईंनी मान हलवली. त्यांना पोचलं होतं. माझे तिन्ही शब्द त्यांच्यापर्यंत पोचले नसते.

बाहेर बाकावर इंजिनिअर बसला होता, पुढच्या जबानीसाठी. नोकरी गेली आहे, खटल्यात माफीचं बोलणं चाललंय. मी शेजारी बसलो. त्याला माझी गोष्ट साहेबांकडून कळली होती. मग तो म्हणाला, “मुलीला सगळं कळवलं. वाटलं, व्हायोलिन फेकून देईल. दोन दिवस बोलली नाही. मग म्हणाली, बाबा, शिष्यवृत्ती मी सोडली. इथल्या संगीतशाळेतल्या सरांनी पुन्हा परीक्षा द्यायला सांगितलंय, पडद्यामागे बसून. कोण वाजवतंय ते परीक्षकांना दिसत नाही.”

“कधी आहे?”

“पुढच्या महिन्यात. पास होईल की नाही, कुणास ठाऊक.”

“पण जे कळेल ते खरं असेल,” मी म्हटलं.

“हो ना,” तो म्हणाला आणि त्याचे खांदे मला प्रथमच सरळ दिसले. कंपनीने सगळी यंत्रं बदलून द्यायचं कबूल केलंय, हेही त्यानेच सांगितलं. नव्यांपैकी पहिलं यंत्र कालच बसलं, आणि नोकरी नसतानाही हा ते लांबून बघून आला.

घरी आलो. जेवणाआधी खोकं उतरवलं, ‘ओ’चं. ‘ओशाळणे’चं कार्ड काढलं, तिन्ही प्रतिशब्दांवर रेघ मारली आणि त्या मुलीचे चार शब्द लिहिले. कार्ड कोरं असताना जेवढं सुंदर दिसतं, तेवढंच पुन्हा दिसायला लागलं. मग मागचं काढलं, ‘ओवाळणे’. तेही मला आज जरा कडक वाटलं. मग त्याच्या मागचं.

ही दारातून म्हणाली, “अहो, गार होतंय.”

“आलोच. एवढा ‘ओ’ होऊ दे.”

“आणि मग?”

“मग ‘औ’. तो लहान आहे.”

हिने ताटावर झाकण ठेवलं, खुर्ची ओढून शेजारी बसली, आणि म्हणाली, “द्या इकडे, मी वाचते. तुम्ही लिहा.”